आठच मुले निवडायची, तर कोणती?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. आमच्या शाळेत चार वर्षांपासून ज्युदो शिकवला जातो आणि सध्या दहा ते चौदा वयाची ४२ मुले-मुली सरावाला येतात. संस्थेने यंदा आठ गुणवान खेळाडूंच्या विशेष तुकडीचा खर्च उचलण्याचे ठरवले आहे. या आठ जणांना आठवड्यातून सहा दिवस सराव आणि इतरांना एकच दिवस, अशी योजना असून निवड मला करायची आहे. आमचा बारा वर्षांचा एक मुलगा दोन वर्षे जिल्ह्यात हरलेला नाही. तो वर्गात सर्वांत उंच आहे आणि त्याचे वजन ४७ किलो आहे. येत्या स्पर्धेत त्याने ४५ किलोखालील गटात उतरावे असा वडिलांचा आग्रह आहे आणि त्यासाठी ते त्याला प्लास्टिकचा कोट घालून पळवतात. दुसरीकडे अकरा वर्षांची, डिसेंबरात जन्मलेली एक मुलगी आहे. ती आजवर एकही लढत जिंकलेली नाही, परंतु सराव कधी चुकवत नाही, आणि तिच्यात काहीतरी आहे असे मला सतत वाटते. हे ‘काहीतरी’ मोजता येते का? गुणवत्ता ओळखण्यासाठी कोणत्या चाचण्या घ्याव्यात? आणि वजनाबाबत त्या वडिलांना मी काय सांगावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात वजनाचा प्रश्न शेवटी आला आहे, पण मी तो आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांना वर्षभराचा अवधी आहे आणि त्या मुलाला तो नाही. बारा वर्षांच्या मुलाचे वजन स्पर्धेसाठी उतरवायचे नसते, दोन किलोही नाही. प्लास्टिकच्या कोटात पळून जे उतरते ते अंगातले पाणी असते. ते गेले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला अधिक वेगाने चालावे लागते, आणि कोटामुळे घाम वाळत नसल्याने अंगातील उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची तयारी करणारा दक्षिण कोरियाचा एक नामवंत ज्युदोपटू वजन उतरवण्याच्या काळात मरण पावला. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण सव्वा महिन्याच्या आत वजन उतरवताना दगावले, आणि त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत असा रबरी पोशाख घालून सराव करण्यावर बंदी आली. ही सारी प्रौढ, कसलेली माणसे होती. आपल्यासमोर सहावी-सातवीतला मुलगा आहे.

वडिलांना हे सांगताना त्यांना अपराधी वाटेल असे बोलू नका. ते मुलाच्या प्रेमापोटीच पहाटे उठतात. त्यांना लिंथोई चनंबमचे उदाहरण द्या. मणिपूरच्या या मुलीने २०२२ मध्ये साराजेव्हो येथे झालेल्या कॅडेट (अठरा वर्षांखालील) जागतिक स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक मिळवले. ज्युदोमध्ये कोणत्याही वयोगटात जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. त्यानंतर २०२५ मध्ये लिमा येथील ज्युनियर जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवले, ते ६३ किलो गटात. शरीर वाढले, गट बदलला आणि पदकही आले. बारा ते पंधरा या वयात आपला मुलगा तीन-चार वजनगट ओलांडून जाणार आहे, मग त्यांतल्या एका गटाला कवटाळून बसण्यासाठी त्याची भाकरी काढून घेण्यात काय अर्थ आहे, हे वडिलांना पटेल असे मला वाटते. न पटले तरी स्पर्धेचा अर्ज शाळेच्या सहीने जातो. त्याचे नाव ५० किलोखालील गटात लिहा. तेथे तो हरला, तर या वर्षातली ती त्याला सर्वांत उपयोगी पडणारी लढत ठरेल. ते का, हे पुढे येईलच.

आता निवडीकडे वळते. दोन वर्षे न हरलेला मुलगा समोर असताना शिक्षकाचा हात त्याच्याच नावाकडे जाणार, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्युदोत लहान वयातील यशावरून पुढचे भाकीत करता येत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. ब्राझीलमध्ये ज्युदोपटूंच्या कामगिरीचा दहा वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास झाला. त्यात लहान वयोगटातील आपली पातळी शेवटपर्यंत टिकवून धरणारे खेळाडू मुलांमध्ये सुमारे ७ टक्के आणि मुलींमध्ये ५ टक्के निघाले. म्हणजे दहांत एकही धड नाही. ज्या जपानने हा खेळ जगाला दिला, तेथील राष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील वरच्या इयत्तांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. एवढ्या लहान मुलांना वजन उतरवायला लावले जात होते, पालक आणि प्रशिक्षक पंचांवर ओरडत होते, आणि जिंकण्यापायी शिकणे मागे पडत होते, ही कारणे संघटनेने उघडपणे सांगितली. ज्या देशाकडे ऑलिंपिक पदकांची रास आहे त्याने मुलांच्या पदकांवर पाणी सोडावे, या निर्णयाचा आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत विचार व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मी स्वतः ही चूक केलेली आहे, म्हणून अधिक आग्रहाने लिहिते. माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला मिसरूड फुटले होते, आवाज फुटला होता, आणि समोरच्याची मान काखेत धरून कमरेवरून फेकण्याचा एकच डाव तो करीत असे. राज्यस्तरावरचे सुवर्णपदक त्याने त्याच डावावर आणले. पुढच्या दोन वर्षांत मीही त्याला तोच डाव करू दिला, कारण तो जिंकत होता आणि शाळा खूश होती. सोळाव्या वर्षी बाकीच्या मुलांची शरीरे त्याच्या बरोबरीला आली. मान काही हाती लागेना आणि दुसरे काही त्याला येत नव्हते, कारण मी ते शिकवलेच नव्हते. सतराव्या वर्षी त्याने ज्युदो सोडला. त्याच्यात गुणवत्ता नव्हती असे मी आजही म्हणणार नाही. ती किती आहे हे पाहायची सवडच मी स्वतःला दिली नाही.

यामागचे कारण शरीराच्या वाढीत आहे. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, परंतु ही केवळ सरासरी आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन बारा वर्षांच्या मुलांच्या शरीराचे वय दोन-तीन वर्षांनी वेगळे असू शकते. वजनगटांमुळे हा फरक मिटतो असा आपल्याकडे समज आहे, तो अर्धाच खरा आहे. ४५ किलोचा एक मुलगा लवकर वयात आलेला असेल आणि ४५ किलोचा दुसरा अजून बालशरीराचा असेल, तर काटा दोघांना सारखे दाखवतो, पण स्नायूंची ताकद आणि पकडीचा जोर सारखा नसतो. जन्ममहिन्याचेही तसेच आहे. शालेय स्पर्धांत वयाची मोजणी १ जानेवारीला धरून होते, त्यामुळे जानेवारीतले मूल आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातले मूल एका गटात येतात आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षभराचे अंतर राहते. आपली मुलगी तर चौदा वर्षांखालील गटात तेरा वर्षांच्या मुलींशी लढते आहे. तिच्या पराभवांमधून तिच्या वयापलीकडे आज फारसे काही कळत नाही.

आठ जणांची तुकडी ही मूळ कल्पनाच मला योग्य वाटत नाही, आणि त्याचे कारण ज्युदोच्या स्वभावात आहे. धावपटू एकटा धावू शकतो, नेमबाज एकटा नेम धरू शकतो. ज्युदो एकट्याने होत नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी मंदिरात कोडोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली, तेव्हाही बारा तातामींच्या (गवती चटयांच्या) जागेत नऊ शिष्य होते. आपल्या तुकडीत ३० किलोपासून ५० किलोपर्यंतची आठ मुले असतील, तर एकमेकांच्या वजनाजवळ येणाऱ्या जोड्या दोन, फार तर तीन जमतील. वर्षभर रोज त्याच एकाशी रांदोरी, म्हणजे मोकळी सराव-लढत, करून मूल ज्युदो शिकत नाही, ते त्या एकाच्या सवयी शिकते. उंच, बुटका, डावखुरा, हट्टी, घाबरट, तालमीतून आलेला अशा नाना तऱ्हेच्या शरीरांशी झटापट झाली की हाताला समज येते. आपल्याकडे ४२ मुले आहेत, हेच आपले भांडवल आहे. त्यांतली ३४ मुले आठवड्यातून एकदाच येऊ लागली, तर सहा महिन्यांत त्यांतली निम्मी येईनाशी होतील, आणि मग त्या आठ जणांना फेकायला कोण उरेल?

म्हणून संस्थेपुढे वेगळी मांडणी ठेवा. आठवड्यातले तीन दिवस सर्वांसाठी असू द्या. आणखी दोन दिवस सोळा जणांच्या गटासाठी ठेवा आणि त्या सोळांची नावे दर चार महिन्यांनी बदलती राहू द्या. जो बाहेर जाईल त्याला परत यायची वाट मोकळी असेल, हे मुलांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. उरलेले दोन दिवस मुले खो-खो, कबड्डी खेळोत किंवा विश्रांती घेवोत. या वयात त्याने ज्युदोचे नुकसान होत नाही, पायांची चपळाई आणि अंदाज दोन्ही वाढतात. विशेष तुकडीसाठी मंजूर झालेले पैसे चांगल्या मॅटवर, स्पर्धेबाहेरच्या संयुक्त सराव शिबिरांच्या प्रवासखर्चावर आणि एका महिला सहायक प्रशिक्षकावर खर्च करा.

सगळ्यांना एकत्र ठेवताना एक काळजी मात्र डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागेल. जपानमधील शाळांत १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे पुढे उघड झाले. त्यांत नवशिक्यांचे प्रमाण मोठे होते आणि डोक्याची इजा हे प्रमुख कारण होते. ओसोतो-गारीत, म्हणजे पाय मागून झाडून पाडण्याच्या डावात, मूल सरळ पाठीमागे पडते आणि हनुवटी छातीला टेकवण्याची सवय झाली नसेल तर डोके आपटते. पडण्याचे शिक्षण, म्हणजे उकेमी, पक्की झाल्याशिवाय कोणालाही या डावासाठी जोडीदार म्हणून उभे करू नका, ४७ किलोच्या मुलासमोर ३० किलोचे मूल रांदोरीसाठी कधीही देऊ नका, आणि डोके आपटलेल्या मुलाला ‘काही होत नाही’ म्हणून त्याच दिवशी पुन्हा मॅटवर घेऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या.

आता आपल्या ‘काहीतरी’विषयी. आपण ज्याला हा शब्द वापरला आहे ते अनुभवी वस्तादांना कुस्तीतही जाणवते, आणि माझ्या मते त्याचा पुष्कळसा भाग पाहता येतो, नोंदवता येतो. मोजपट्टीने तो मोजता येणार नाही, इतकेच.

पहिली गोष्ट हातांची. ज्युदोत फेक यशस्वी होते ती समोरच्याचा तोल ढळल्यावर, ज्याला कुझुशी म्हणतात. तो तोल डोळ्यांना दिसण्याआधी पकडीतून हाताला कळतो. गेल्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये, २०२४ साली, कपिल परमार यांनी दृष्टिबाधितांच्या ज्युदोत ६० किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात लढत सुरू होण्यापूर्वीच दोघांना एकमेकांची पकड दिली जाते, आणि पुढचे सारे हातांवर चालते. आपल्या मुलांपैकी दोघांना समान वजनाचे जोडीदार देऊन, पकड घेऊन, डोळे मिटून मॅटवर सावकाश चालायला सांगा. फेकायचे नाही; समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे ते थांबून सांगायचे. काही मुलांना हे पहिल्याच दिवशी जमते आणि काहींना वर्षभर जमत नाही. त्या मुलीला हे करायला लावून पाहा. सरावाला कधी न चुकणाऱ्या, पण सतत हरणाऱ्या लहान चणीच्या मुलांमध्ये हा गुण मला अनेकदा आढळला आहे, कारण ताकदीने काम भागत नसल्याने त्यांना दुसरा मार्ग शोधावाच लागतो. कानो स्वतः लहानपणी अशक्त होते आणि दांडग्या मुलांच्या त्रासामुळेच ते जुजुत्सू या जुन्या जपानी कुस्तीविद्येकडे वळले होते.

दुसरी गोष्ट शिकण्याच्या वेगाची. सर्वांना नवा असलेला एखादा डाव घ्या, समजा कोउची-गारी, म्हणजे समोरच्याचा पाय आतून झाडण्याचा डाव. दोन आठवडे शिकवा आणि मग त्याचे नावही काढू नका. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत रांदोरीमध्ये तो डाव आपणहून कोण करून पाहते, याची नोंद ठेवा. डाव जमला की नाही हे महत्त्वाचे नाही; करून पाहिला का, फसल्यावर पुन्हा पाहिला का, आणि तिसऱ्यांदा करताना पायाची जागा बदलली का, हे पाहा. उचिकोमीत, म्हणजे न फेकता डावाची पुन्हा पुन्हा उजळणी करताना, सुंदर दिसणारी मुले येथे मागे पडतात आणि ज्यांच्याकडे आपले लक्ष नव्हते अशी दोन-तीन नावे हमखास वर येतात. दोन वर्षे जिंकणारा मुलगा मात्र बहुधा आपला जुना डावच करीत राहील, कारण त्याला बदलण्याची गरज पडलेली नाही. म्हणूनच वरच्या गटातला पराभव त्याच्यासाठी उपयोगाचा आहे, असे मी म्हटले.

आणखी एक पाहण्याजोगे म्हणजे फेकले गेल्यानंतरचा क्षण. मूल उठते कसे, कोणाकडे पाहते, आणि रांदोरीची पुढची फेरी सुरू होताना ज्याने फेकले त्याच्याकडेच पुन्हा जाते की आपल्याहून कच्चा जोडीदार शोधते. उके, म्हणजे फेकला जाणारा जोडीदार, म्हणून ते कसे वागते हेही पाहा. जोडीदाराला चांगला सराव मिळावा म्हणून जे मूल मनापासून पडते, त्याला फेक आतून कळत असते. कानोंनी परस्परांचे हित हे ज्युदोचे एक मूलतत्त्व म्हणून सांगितले. सरावाच्या मॅटवर त्याचा अर्थ इतका साधा आहे.

शारीरिक चाचण्यांचेही स्थान आहे, मात्र ते दुय्यम आहे. आपल्या राज्याच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीच्या निवडीत उंची, वजन, धावणे, शटल रन, उभ्याने लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, लवचिकता आणि ८०० मीटर धावणे अशा ज्या चाचण्या घेतात, त्या आपणही वर्षातून दोनदा घ्याव्यात. त्यांत ज्युदोसाठी दोन गोष्टी जोडा: आडव्या दांडीवर ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा अंगरखा, टाकून तिच्या कापडाला धरून किती सेकंद लटकता येते, आणि कोलांटी, चक्री, हातांवर उभे राहणे यांत अंगावर किती ताबा आहे. ज्युदोसाठी खास तयार झालेलीही एक चाचणी आहे. सहा मीटरच्या अंतरावर दोन जोडीदार उभे असतात, खेळाडू मधून धावत जाऊन त्यांना आळीपाळीने इप्पोन सेओइ-नागेने, म्हणजे खांद्यावरून, फेकतो, असे १५, ३० आणि ३० सेकंदांचे तीन टप्पे दहा-दहा सेकंदांच्या विश्रांतीने होतात, आणि एकूण फेकी व हृदयाचे ठोके यांवरून निर्देशांक काढतात. ही चाचणी पंधरा-सोळा वर्षांनंतर फार उपयोगी पडते. अकरा वर्षांच्या मुलांवर ती करू नका. त्या वयात आकडा तंत्राचा नव्हे, शरीराच्या वाढीचा येतो.

आकड्यांतला सर्वांत मोलाचा आकडा मात्र अगदी साधा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी लिहिलाच जात नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उंची भिंतीवरील त्याच पट्टीवर, अनवाणी मोजा आणि तारखेसह लिहा. आई-वडिलांची उंचीही एकदा लिहून ठेवा. उंचीचा वेग अचानक वाढलेला दिसला की त्या मुलाची झपाट्याची वाढ सुरू झाली आहे असे समजावे. त्या वर्ष-दीड वर्षात हात-पाय लांबतात, काल जमणारा डाव आज जमत नाही, आणि अनेक मुलांना गुडघ्याच्या वाटीखालील हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागते. याच काळात शिक्षक म्हणतात की पोराचे लक्ष उडाले, आणि पालक म्हणतात की पोर आळशी झाले. त्या मुलाला तेव्हा गटातून काढू नका. त्याचे उड्यांचे आणि गुडघ्यांवर बसून फेकण्याचे काम कमी करा, ने-वाझा (जमिनीवरचे डाव) आणि पकडीचे काम वाढवा, आणि हे तात्पुरते आहे असे त्याला स्पष्ट सांगा. मुलाने त्या एका वाक्यावर पुढचे वर्ष काढलेले मी पाहिले आहे.

आपल्या विजेत्या मुलाबाबत माझी सूचना अशी आहे की त्याला सोळांच्या गटात जरूर घ्या, पण पुढचे सहा महिने त्याचा हुकमी डाव सरावात बंद ठेवा. दोन्ही बाजूंनी, ताठ उभे राहून, बाही आणि कॉलरच्या रीतसर पकडीतून पायांचे डाव शिकवा. तो सरावात हरू लागेल, चिडेल, कदाचित वडीलही येऊन विचारतील. त्यांना सांगा की आता शरीर त्याच्या बाजूने आहे तोवरच तंत्र शिकायला हवे. दोन्ही गुडघे टेकून खाली घुसून केलेला सेओइ-नागे हाही लहान गटांत झटपट जिंकून देणारा प्रकार आहे. तोही त्याला एवढ्यात देऊ नका.

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत तालमीतून येणारी मुले आपल्याला मिळतील, आणि ती मोठी देणगी आहे. त्यांना अंगाला अंग भिडवायची भीती नसते, त्यांची मान आणि पाठ तयार असते, आणि ढाक किंवा धोबीपछाड ज्याला येते त्याला कमरेवरच्या फेकी समजावून सांगाव्या लागत नाहीत. अडचण एकाच ठिकाणी येते. ही मुले पट काढायला खाली वाकतात, आणि उभ्या ज्युदोत पायाला हात लावण्यावर २०१० पासून निर्बंध आले आणि २०१३ मध्ये ते पूर्ण झाले. वाकण्याची ही सवय मोडायला सहा महिने लागतात. तेवढ्यावरून तालमीतल्या मुलाला कच्चा ठरवू नका, आणि त्याची तालीम सोडवण्याचा हट्टही धरू नका.

मुलींविषयी वेगळे लिहायला हवे, कारण आपल्याकडील सर्वांत जास्त गुणवत्ता चाचण्यांत गळत नाही. ती तेरा-चौदाव्या वर्षी घरी बसते. पाळी सुरू होते, शाळेत कपडे बदलायला जागा नसते, बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत बाई नसते, आणि एक दिवस आई येऊन सांगते की आता पुरे झाले. महिला सहायकाचा आग्रह मी वर धरला तो यासाठी. त्याबरोबरच कपडे बदलण्याची कडी लागणारी खोली, ज्युदोगीच्या आत घालण्याचे पांढरे टी-शर्ट शाळेकडून, पाळीच्या दिवसांत कारण न विचारता हलका सराव, आणि मुला-मुलींपैकी कोणीही एकट्या प्रशिक्षकासोबत बंद खोलीत किंवा प्रवासात असणार नाही असा लेखी नियम, इतके यंदाच करा. मणिपूरच्याच सुशीला देवी लिकमाबम यांनी २०१४ मध्ये ग्लासगो येथे आणि आठ वर्षांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल स्पर्धेचे रौप्यपदक मिळवले. मणिपूरच्या मुली ज्युदोत पुढे दिसतात, कारण तेथे मुलीने मॅटवर टिकून राहणे घराला आणि गावाला परके वाटत नाही. आपल्या डिसेंबरातल्या मुलीच्या घरी एकदा स्वतः जाऊन या, आणि महिला सहायक मिळाल्यास त्यांनाही घेऊन जा. ती चौदाव्या वर्षीही मॅटवर असेल का, हे त्या भेटीवर पुष्कळ अवलंबून आहे.

निवासी प्रशिक्षणाची घाई करू नका. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळेल. ज्यांना जायचे आहे त्यांना जरूर बसवा, पण निवड न झालेल्या मुलाला परत आल्यावर मॅटवर त्याची जागा तशीच मिळायला हवी. घर सोडण्याची मुलाची स्वतःची तयारी आहे का, हे वडिलांच्या गैरहजेरीत त्याला विचारा. आणि जन्मदाखल्याबाबत कोणी कितीही सोपी वाट सुचवली तरी तिकडे जाऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी लहान दाखवलेले मूल काही पदके आणते, पण त्याच्याविषयीची आपली प्रत्येक नोंद खोटी ठरते, आणि त्याच्याकडून हरलेल्या खऱ्या वयाच्या मुलांना आपण उगीचच कच्चे समजून बसतो.

या सगळ्यासाठी एक जाड वही करा, प्रत्येक मुलाला चार पाने. पहिल्या पानावर जन्मतारीख, आजची उंची आणि वजन, आई-वडिलांची उंची, आणि ते मूल ज्युदोखेरीज काय खेळते. पुढच्या पानांवर मिटल्या डोळ्यांनी चालण्याचे निरीक्षण, कोउची-गारीच्या प्रयोगात काय दिसले, आणि फेकले गेल्यावर ते कोणाकडे गेले. जिंकलेल्या लढती शेवटच्या पानावर लिहा. पहिल्या चार महिन्यांनी सोळा नावे ठरवाल, तेव्हा ते शेवटचे पान न उघडता ठरवून पाहा, आणि त्या मुलाच्या व मुलीच्या पानांवरील नोंदी मला कळवा. त्या दोघांच्या पुढच्या वर्षाच्या सरावाविषयी तेव्हा अधिक नेमके लिहिता येईल.